कॅप्टनचं ताट

मार्लिस हाउगेनने हात वर केला तो निव्वळ भिडेखातर. गॅरेजमधले सगळे हात वर गेलेले असताना आपला एकटीचा मांडीवर ठेवून बसणं केटल पोर्टेजमध्ये कुणाला जमत नाही. त्या गावात नको असलेली तिसरी वडीसुद्धा माणसं "बरं, अर्धी दे" म्हणून घेतात. डेल्मर क्विस्टने सगळ्यांवरून नजर फिरवली, "एकमताने मंजूर" असं जाहीर केलं, आणि तेव्हा कुठे मार्लिसच्या डोक्यात प्रकाश पडला, की आपण आत्ता आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

त्याचं मूळ फार मागे होतं. सत्तरचं दशक संपता संपता टीव्हीवर दर गुरुवारी संध्याकाळी 'मॅरीगोल्ड' नावाची मालिका लागायची. मॅरीगोल्ड हे अंतराळातलं एक खटारा जहाज. दुसऱ्यांची बंद पडलेली जहाजं दोर लावून घरी ओढत आणायची, हा त्याचा धंदा. मालिकेला पैसा नव्हता आणि ते लपतही नव्हतं. नियंत्रणकक्षाच्या भिंतीवर अंड्यांचे रिकामे ट्रे रंगवून चिकटवलेले होते, आणि परक्या ग्रहावरून आलेलं एक यान तर सरळसरळ उलटी ठेवलेली चाळणी होती. पण त्या जहाजावर माणसं राहायची. भांडायची, रुसायची, आणि काहीही झालं तरी संध्याकाळी एकत्र जेवायला बसायची. शेवटच्या भागात कॅप्टन टॉलिव्हर दोराचा अडकलेला आकडा सोडवायला एकटाच बाहेर गेला. स्वयंपाकीण मिसेस पॅडॉकने त्याचं ताट झाकून शेगडीवर ठेवलं. बाहेरचा दोर एकदम सैल पडला, पडद्यावर अक्षरं आली, 'पुढे चालू', आणि पुढच्या गुरुवारी त्या जागी स्वयंपाकाच्या भांड्यांची जाहिरात करणारा एक हसरा माणूस आला. मालिका बंद. चाळीस वर्षं उलटून गेली तरी ते ताट तसंच शेगडीवर होतं.

मिनेसोटाच्या उत्तरेला हिवाळा लांब असतो आणि असल्या गोष्टी मनात घोळवायला वेळ मिळतो. केटल पोर्टेजच्या आणि आसपासच्या गावांतल्या मॅरीगोल्डप्रेमींनी एक रिवाज पाडला. दर ऑक्टोबरात एका शनिवारी लुथरन चर्चच्या तळघरात जमायचं, आपापल्या घरून रांधून आणलेलं जेवायचं, आणि मग एकाने उभं राहून शेवट सांगायचा, कॅप्टन परत कसा आला त्याचा. नियम दोनच. कॅप्टन मेलेला चालणार नाही, आणि शेवट कॉफी उकळून बंबाचा लाल दिवा लागायच्या आत संपला पाहिजे. बंबाचं बटण सांगणाराच दाबतो. टेबलाच्या टोकाला कॅप्टनचं एक ताट वाढून, चंदेरी कागदाने झाकून ठेवतात. त्याला कुणी हात लावत नाही.

सांगणाऱ्याचं नाव आदल्या वर्षी कॉफीच्या डब्यातून चिठ्ठी काढून ठरतं. डेल्मरचं नाव आजवर तीनदा निघालं होतं आणि तिन्ही वेळा त्याने कॅप्टनला चुंबकाने परत आणलं होतं. मार्लिसचं नाव कधीच निघालं नव्हतं. ती दर वर्षी बीटचं लोणचं घेऊन यायची, पहिल्या रांगेत बसायची, टाळ्या वाजवायची आणि घरी जाताना मनात म्हणायची, माझा यापेक्षा बरा आहे. तिचा शेवट कधीचा तयार होता. गेल्या ऑक्टोबरात डब्यातून तिचं नाव निघालं तेव्हा तिची मैत्रीण लॅव्हॉन म्हणाली, "अगं, तुला घाम फुटलाय." खरंच फुटला होता.

आणि नेमकं याच वर्षी कुणाला तरी मॅरीगोल्ड नव्याने काढायची बुद्धी सुचली.

डेल्मरच्या गॅरेजमध्ये मोठा पडदा होता, हीटर होता आणि भिंतीवर बर्फातल्या मासेमारीचं सामान टांगलेलं होतं. तिथं दर गुरुवारी सगळे घडीच्या खुर्च्या मांडून बसायचे. नव्या मालिकेत पैसा ओतला होता, त्याबद्दल वाद नाही. जहाज काळंकुळकुळीत, इतकं, की ते कुठे संपतं आणि अवकाश कुठे सुरू होतं हे कळू नये. आत दिवे लावावेत असं कुणाला वाटलं नव्हतं. माणसं अंधारात एकमेकांच्या कानात कुजबुजल्यासारखी बोलायची. मार्लिसचा नवरा ऑर्विल याने मॅरीगोल्डचा 'म'सुद्धा पाहिलेला नव्हता. तो फक्त तिला गाडीतून आणायचा आणि वड्या खायचा. पहिल्या गुरुवारी त्याने बराच वेळ पडद्याकडे बघून विचारलं, "यांचं विजेचं बिल थकलंय का?"

पण अंधार परवडला, उजेड नको, अशी पाळी पुढे आली. जुना कॅप्टन कॉफीचा कप डाव्या हातात धरायचा, कारण त्या नटाचा उजवा खांदा दुखायचा. झालं. नव्यांनी त्या डाव्या हातावर अख्खा एक भाग खर्ची घातला: बालपण, आग, मेलेला भाऊ. जहाजाचं नाव मॅरीगोल्ड का, यावर दुसरा भाग. जे जे विचारायची कुणाला कधी गरज पडली नव्हती, त्या सगळ्याची उत्तरं मिळाली. आणि जहाजावर कुणी जेवेना.

केटल पोर्टेजमध्ये एखादी गोष्ट अगदी टाकाऊ वाटली, तर माणसं फक्त "वेगळी आहे हं" म्हणतात. अगदी डोक्यावर घेऊन नाचावीशी वाटली, तर "वाईट नाही" म्हणतात. याच्या पलीकडे कुणाची जीभ जात नाही. त्या गॅरेजमध्ये मात्र जन्माचे सभ्य लोक दर गुरुवारी मोकळे होत होते. मनासारखं वाईट काही हाती लागलं, की माणूस कसा खुलतो ते तिथे बघावं. लॅव्हॉनचा रक्तदाब म्हणे उतरला. मार्लिसही मनापासून बोटं मोडत होती आणि तिचे गुरुवार मोठे मजेत चालले होते.

शेवटच्या गुरुवारपर्यंत. त्या दिवशी नवा कॅप्टन बाहेर गेला, दोर तुटला, आणि मिसेस पॅडॉकने स्वयंपाकघराचं दार उघडलं. मिसेस पॅडॉक बाहेर निघाली. ती मूळची सेनापती निघाली, ओळख लपवून कांदे चिरत होती म्हणे. दोन्ही हातांत दोन बंदुका घेऊन ती अवकाशात झेपावली, मागे सूर्यासारखं काहीतरी फुटलं, आणि कॅप्टनला मिठीत घेऊन तिने त्यागावर भाषण केलं. ताट त्या स्फोटात वितळून गेलं.

डेल्मर रिमोट हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, "स्वयंपाकीण? बाहेर? जिने तीन वर्षांत स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाही ती बाई कॅप्टनला आणायला जाणार? असलं कुणाच्या डोक्यात येतं तरी कसं?"

"ज्याने जन्मात कुणासाठी ताट झाकून ठेवलं नाही, त्याच्या," लॅव्हॉन म्हणाली, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मार्लिस कपातल्या कॉफीकडे बघत राहिली. तिचा शेवट हाच होता. सेनापती नव्हता, बंदुका नव्हत्या, पण दार उघडून मिसेस पॅडॉकने बाहेर जाणं आणि कॅप्टनला घेऊन येणं, हाच. इतकी वर्षं तिने तो जपून ठेवला होता आणि आता तो पडद्यावर भाषण करत होता.

त्याच रागाच्या भरात डेल्मरने ठराव मांडला. नवी मालिका घडलीच नाही असं समजावं. तिच्यात दाखवलेलं काहीही आपल्या शेवटात येता कामा नये, आणि जो कुणी आणेल त्याने त्या दिवशीची सगळ्यांची भांडी एकट्याने घासावीत. लोक हसले, हात वर गेले, मार्लिसचाही गेला.

ऑक्टोबरची तळघरातली सभा पुढच्याच शनिवारी होती. मधल्या दिवसांत तिने दुसरा शेवट शोधायचा प्रयत्न केला. बटाटे सोलताना कॅप्टनला दुसऱ्या जहाजाने वाचवून पाहिलं, तर ते जहाज कुठून आलं हे सुचेना. मोजे रफू करताना त्याला स्वतःच्याच हिमतीवर परत आणला, पण मग मिसेस पॅडॉक काय करत होती? नुसती ताटाकडे बघत बसली होती? ते मार्लिसला पटेना. शेवटी चुंबकापर्यंत येऊन ठेपली, तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली.

मार्लिसने शाळेच्या स्वयंपाकघरात उमेदीची वर्षं घालवली होती. टीव्हीवर डॉक्टर, वकील, पोलीस रग्गड होते, पण जिचं काम आपल्यासारखं आहे अशी तिला भेटलेली बाई एकच, मिसेस पॅडॉक. ती नटी हात कोरडे असले तरी एप्रनला पुसायची. हे कुणी शिकवून येत नाही. त्या बाईने दोर सैल पडलेला बघून नुसतं बसून राहावं, हे मार्लिसच्या बुद्धीला कधी मानवलंच नाही. आणि त्याला एक कारण होतं, ते तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं.

लग्नाला दोन हिवाळे झाले होते तेव्हाची गोष्ट. ऑर्विल कागदाच्या गिरणीत कामाला होता. एका संध्याकाळी असं बर्फाचं वादळ सुटलं, की खिडकीतून अंगणातलं झाड दिसेना. ऑर्विलची यायची वेळ टळून गेली. मार्लिस शहरात वाढलेली, असल्या वादळात दाराबाहेर पाऊल टाकायची तिची छाती नव्हती. तिने ताट झाकून ठेवलं आणि वाट पाहिली. मग कपडे वाळत घालायची दोरी काढली, एक टोक ओसरीच्या खांबाला बांधलं, एक कमरेला, आणि बाहेर पडली. ऑर्विलची गाडी रस्त्यावर रुतली होती, तो चालत निघाला होता आणि स्वतःच्याच अंगणाशी चुकला होता. तिला तो सापडला. तिने त्याला ओढत आत आणलं. आपण कसे सापडलो, हे त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. तिकडची माणसं असल्या गोष्टींवर बोलत बसत नाहीत. सकाळी उठून त्याने दोरी गुंडाळली आणि खिळ्याला अडकवली.

शुक्रवारी संध्याकाळी मार्लिस सभेसाठी हॉटडिश करत होती: खिमा, नूडल्स, मशरूमचं सूप आणि वरून बटाट्याच्या गोळ्यांचा थर. ऑर्विल टेबलाशी बसून मधूनच कच्च्या गोळ्या पळवत होता.

"तिसऱ्यांदा मीठ घालतेयस," तो म्हणाला.

मार्लिसने मिठाचा डबा खाली ठेवला. "माझा शेवट गेला, ऑर्विल. त्या टीव्हीवाल्यांनी तोच दाखवला."

"चोरला?"

"चोरतील कसा? मी कुणाला सांगितलाच नव्हता."

"मग तुझाच आहे."

"ठरावात बसत नाही ना. त्यातलं काही सांगायचं नाही असं ठरलंय."

"ठरावाला हात कुणी वर केला?"

"मी."

ऑर्विलने आणखी एक गोळी तोंडात टाकली. मग म्हणाला, "भांडी किती असतात?"

"पुष्कळ असतात. यंदा तर जास्तच."

"हं," ऑर्विल म्हणाला आणि उठून लाकडं आणायला बाहेर गेला. मार्लिस ओव्हनसमोर उभी राहून त्या 'हं'चा विचार करत राहिली.

शनिवारी तळघर गच्च भरलं. राग माणसांना लांबून ओढून आणतो. एरवी न फिरकणारे लोक पलीकडच्या तळ्यावरून, दोन तर हद्दीपल्याड कॅनडातून आले होते, आणि प्रत्येकाला नव्या मालिकेतली आपली एक वेगळी खोड दाखवायची होती. वातावरण लग्नघरासारखं होतं. सात तऱ्हांच्या हॉटडिश, जेलीत अडकवलेली गाजरं, लिंबाच्या वड्या. डेल्मरने सुरुवातीलाच उभं राहून सांगितलं, की आज स्वयंपाकघराचं दार बाहेरून बंद ठेवलंय, न जाणो, कुणी स्वयंपाकीण बंदुका घेऊन निघायची. हशा झाला. मार्लिसही हसली आणि हसताना तिला स्वतःचा राग आला.

तिने कॅप्टनचं ताट वाढलं, झाकलं, टोकाला ठेवलं. जेवणं झाली. ऑर्विल नेहमीप्रमाणे मागे, वड्यांच्या टेबलाजवळ जाऊन बसला. शेवट सुरू व्हायच्या सुमारास तो कानातलं श्रवणयंत्र बंद करतो, हे साऱ्या तळघराला माहीत होतं आणि कुणी मनावर घेत नसे. मार्लिसने बंबाचं बटण दाबलं. बंब घुर्र करू लागला. शंभर डोळे तिच्यावर होते. चुंबक, ती मनात म्हणाली, चुंबक सांगून मोकळी हो. कुणी काही म्हणणार नाही. "वेगळा होता हं" म्हणतील आणि कॉफी पितील.

"आधी एक सांगते," मार्लिस म्हणाली. "आजची भांडी मी घासणार आहे."

लोकांना वाटलं, बाई उगाच नम्रपणा करतेय. डेल्मरच्या मात्र लक्षात आलं. तो अर्धवट उठला. "मार्लिस, अगं, आपण ठरवलंय..."

"खाली बस, डेल्मर. माझा हातसुद्धा वर होता, मला माहीत आहे. तुझी चुंबकं मी तीनदा ऐकली."

डेल्मर बसला.

"दोर सैल पडला तेव्हा मिसेस पॅडॉक कांदा चिरत होती," मार्लिसने सुरुवात केली. तळघरात चुळबुळ झाली. ती थांबली नाही. "तिला खिडकीतून दोर दिसला. मेकॅनिकचा पाय आदल्या भागात मोडलेला, तुम्हाला आठवतच असेल. म्हणजे जाणार कोण? ती सेनापती नव्हती, कुणी नव्हती. तिला बाहेर जायचा पोशाख घालता येत नव्हता. तिने तो उलटा घातला, काढला, सुलटा घातला. आणि मग वरून एप्रन बांधला, कारण एप्रन नसला की हातांचं काय करायचं हे तिला कळायचं नाही."

कुणीतरी हसलं, पण प्रेमाने.

"जहाजावर दोर बांधायला कड्या होत्या. तिचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. तिने दुसऱ्या दोराचं एक टोक शेगडीच्या दांडीला बांधलं. ती दांडी तिच्या ओळखीची होती. दुसरं टोक कमरेला. आणि गेली बाहेर. बाहेर काही फुटलं नाही, काही झालं नाही. नुसता अंधार. ती ताऱ्यांकडे बघत नव्हती, बघितलं असतं तर तिथेच बसली असती. ती स्वतःच्या हातांकडे बघत होती आणि उद्याचा स्वयंपाक मोठ्याने म्हणत होती. सकाळी लापशी. दुपारी वाटाण्याचं सूप. रात्री उरलेल्या सुपात बटाटे. परवापर्यंत आली आणि दोर संपला."

बंब घुरघुरत होता. मागे ऑर्विलचा हात कानाकडे गेलेला मार्लिसला दिसला. एरवी या वेळी बंद असणारं यंत्र त्याने आज बंद केलं नव्हतं. तो त्याचं चाक फिरवत होता, आवाज वाढवायच्या बाजूला.

"दोर संपला आणि कॅप्टन नव्हता," मार्लिस म्हणाली. आता ती पहिल्या रांगेकडे बघत नव्हती. "परत फिरावं तर तो गेला. दोर सोडावा तर दोघंही गेले. मग तिने कमरेची गाठ सोडली आणि तीच घोट्याला बांधली. आडवी झाली, हात पुढे केले. कमरेपासून घोट्यापर्यंत जेवढं अंतर असतं ना, तेवढा दोर वाढला. आणि हात तिचे होतेच. तिने चाचपलं. इकडे काही नाही. तिकडे काही नाही. पुन्हा इकडे, तर बूट लागला."

लॅव्हॉनने हातरुमाल काढला.

"त्याला आत ओढून आणला. तो शुद्धीवर होता, पण ओठ निळे पडलेले. भाषण वगैरे कुणी केलं नाही. तो म्हणाला, जेवायला काय आहे? ती म्हणाली, गार झालंय. तो म्हणाला, चालेल. आणि बसून जेवला. एवढंच."

बंबाचा लाल दिवा लागला. कॉफीसाठी कुणी उठलं नाही. लॅव्हॉन हातरुमाल शोधत होती आणि तो तिच्या हातातच होता.

मग मागून ऑर्विल उठला. सावकाश, गुडघे सांभाळत, सगळ्या रांगांमधून वाट काढत तो टेबलाच्या टोकाशी आला. त्याने कॅप्टनचं ताट पुढे ओढलं, चंदेरी कागद काढून नीट घडी करून खिशात ठेवला आणि खुर्चीवर बसला. चर्चच्या तळघरात त्याआधी कुणी एवढा मोठा श्वास एकदम घेतला नसेल. डेल्मरचं तोंड उघडं राहिलं. इतक्या वर्षांत त्या ताटाला कुणी बोट लावलं नव्हतं.

ऑर्विलने बायकोकडे पाहिलं. "दोरी पुरली नव्हती होय?"

"नव्हती."

"कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

ऑर्विलने मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्या ताटाइतकी सोयीची जागा तिथे दुसरी नव्हती. त्याने हॉटडिशचा घास घेतला. "गार आहे," तो म्हणाला.

"चालेल ना?"

"चालेल." आणि तो जेवू लागला.

तेव्हा कुठे एकेकाला उलगडा होऊ लागला. असल्या वेळी काय बोलायचं हे त्या गावात कुणाला ठाऊक नाही. कॅनडातून आलेल्यांपैकी एकाने उठून ऑर्विलजवळ पाव सरकवला. लॅव्हॉनने लोणचं. मग लॅव्हॉनलाच काळजी पडली. "पण कॅप्टन तर जेवला, आता पुढच्या वर्षी कसं?"

ऑर्विल घास गिळून म्हणाला, "पुढच्या वर्षीही भूक लागेलच की."

यावर तळघर असं हसलं, की वरून चर्चचा रखवालदार बघायला आला. कॉफी ओतली गेली. नव्या मालिकेवरची भांडणं पुन्हा जोरात सुरू झाली, अंधार, डावा हात, वितळलेलं ताट, आणि सगळ्यांना आणखी एक भाग असता तर बरं झालं असतं असं वाटायला लागलं. पुढच्या वर्षीची चिठ्ठी काढली तर डेल्मरचं नाव चौथ्यांदा निघालं. तो म्हणाला, चुंबक सोडून काहीतरी बघतो आता.

मार्लिस कबूल केल्याप्रमाणे एप्रन बांधून, बाह्या वर करून मोरीशी उभी राहिली. भांडी खरोखरच पुष्कळ होती. पहिला ढीग अर्धा झाला असेल, तोवर डेल्मर फडका घेऊन शेजारी येऊन उभा राहिला.

"एकट्याने घासायची असा ठराव आहे," मार्लिस म्हणाली.

"घासायची. पुसण्याबद्दल ठरावात काही नाही." त्याने एक बशी पुसली, दुसरी पुसली. मग बशीकडेच बघत म्हणाला, "वाईट नव्हती हं गोष्ट."

मार्लिसचे कान तापले. इतकी वर्षं मनात धरून ठेवलेलं काहीतरी मोकळं झालं आणि तिला एकदम खूप भूक लागली. दिवसभर तिने धड काही खाल्लं नव्हतं. डेल्मरने न विचारता लिंबाची वडी आणून तिच्या ओल्या हातात दिली, आणि तिने अर्धी न म्हणता अख्खी घेतली.

सगळ्यात शेवटी ऑर्विल ताट घेऊन आला. पावाने पुसून चाटल्यासारखं स्वच्छ केलेलं होतं. मार्लिसने ते तरीही घासलं, आणि डेल्मरने हात पुढे केला तर त्याला न देता स्वतःच्या एप्रनला पुसलं.